ऑइल फिल्टर : निवड आणि बसवणूक

मालाची ने-आण करणारी गाडी आज दुकानाचाच एक भाग झाली आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा यंत्रमागवाला असो, चादरी-लुंग्यांचा ठोक व्यापारी असो, बेकरीवाला असो की फर्निचर बनविणारा कारीगर असो, त्याच्या दारात एखादी ओम्नी, ईको किंवा 'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाणारा टेम्पो उभा असतोच. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, पण जुन्या ओम्नी अजून माल वाहताना दिसतात. गाडी दोन दिवस बंद राहिली तर माल अडतो, गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आणि भाड्याच्या टेम्पोचा खर्च अंगावर पडतो. इंजिन बांधायची वेळ आली तर एका मोसमाचा नफा त्यातच जातो.

त्यामुळे आपल्यापैकी अनेकजण आता ऑइल घरीच, दुकानामागच्या मोकळ्या जागेत बदलतात. मजुरी वाचते आणि कोणते ऑइल पडले याची खात्री राहते. हे चांगलेच आहे. मात्र ऑइलचा डबा घेताना आपण दहा प्रश्न विचारतो आणि फिल्टर घेताना "या गाडीचा एक फिल्टर द्या" एवढेच म्हणून मोकळे होतो. दुकानदार जो देईल तो घेतो. वास्तविक ऑइल बदलण्याच्या कामात सर्वांत जास्त नुकसान होण्याची शक्यता या शे-दोनशे रुपयांच्या डब्यामुळेच असते. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन फिल्टर आतून पूर्ण वेगळे असू शकतात. म्हणून तो कसा निवडावा आणि कसा बसवावा हे गाडीच्या मालकाने स्वतः जाणून घेतले पाहिजे. गाडी मेकॅनिककडे देणाऱ्यानेही ते जाणावे, कारण चूक कोणाचीही असो, नुकसान मालकाचेच होते.

प्रस्तुत लेखक मेकॅनिक नाही, कापडाचा व्यापारी आहे. पण फिल्टर ही मुळात गाळण्याच्या कापडाचीच जात आहे. वीण किती घट्ट, किती मोकळी, माल किती वार आणि शिवण कशी, हेच प्रश्न इथेही आहेत. म्हणून आपल्या धंद्यातील माणसाला हा विषय समजायला अवघड जाऊ नये.

फिल्टर काय काम करतो?

इंजिनच्या तळाशी, ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, तिथे ऑइल साठलेले असते. पंप ते खेचतो, दाबाने फिल्टरमध्ये ढकलतो आणि तिथून ते क्रँकच्या बेअरिंगकडे, कॅमकडे व इतर भागांकडे जाते. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा अत्यंत पातळ थर असतो आणि त्या थरावर शाफ्ट तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही, म्हणून इंजिन वर्षानुवर्षे चालते. पण या थराच्या जाडीइतका बारीक कण आत शिरला तर तो दोन्ही बाजूंना ओरखडे काढतो.

हे कण मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इंजिनला घातक असणारे कण पाच ते वीस-पंचवीस मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असतात. जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेसमोर आपल्या चाचण्या मांडल्या होत्या. त्यानुसार ४० मायक्रॉनपर्यंत गाळणाऱ्या फिल्टरऐवजी ३० मायक्रॉनचा वापरला तर इंजिनची झीज निम्म्याने कमी झाली आणि १५ मायक्रॉनचा वापरला तर ७० टक्क्यांनी कमी झाली. प्रयोगशाळेतील हे आकडे प्रत्येक गाडीला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण चांगल्या आणि सामान्य गाळणीत किती फरक पडतो ते यावरून कळते.

सुरुवातीच्या मोटारींना असा फिल्टर नव्हताच. ऑइल काही शे मैलांत मैले होई आणि बदलावे लागे. अर्नेस्ट स्वीटलंड या अमेरिकन संशोधकाने १९२३ मध्ये 'प्युरोलेटर' या नावाचा ऑइल फिल्टर पुढे आणला आणि १९२४ च्या ख्रिसलर मोटारीला ऑइल फिल्टर होता. त्या वेळच्या फिल्टरमधून सगळे ऑइल जात नसे, थोडा भागच गाळला जाई. बेअरिंगकडे जाणारे सर्व ऑइल गाळण्याची पद्धत नंतर रूढ झाली. हाताने फिरवून बसवायचा आणि वापरून टाकून द्यायचा पत्र्याचा डबा १९५० च्या दशकात आला. आज आपल्या बहुतेक लहान गाड्यांना तोच असतो. त्याला स्पिन-ऑन म्हणतात. काही गाड्यांना प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कायम घरात बसणारा नुसता कागदी एलिमेंट असतो. तिथे डबा तोच राहतो आणि आतला कागद व रबर रिंग बदलायची असते.

डब्याच्या आत

स्पिन-ऑन फिल्टर हातात घेऊन त्याचे तोंड पाहा. मधोमध आटे असलेले मोठे छिद्र असते आणि कडेने गोल रांगेत लहान छिद्रे असतात. मैले ऑइल कडेच्या छिद्रांतून आत येते, चुण्या घातलेल्या कागदातून बाहेरून आतल्या बाजूस गाळले जाते आणि मधल्या छिद्रातून इंजिनकडे परत जाते.

हा कागद साधा नसतो. तो राळेने पक्का केलेला असतो, म्हणजे गरम ऑइलमध्ये तो लिबलिबीत होत नाही. महागड्या फिल्टरमध्ये कागदाबरोबर काचेचे किंवा पॉलिएस्टरचे तंतू असतात. कागदाला चुण्या का घालतात, हे कापडवाल्याला सांगायला नको. घागऱ्याला जितका घेर तितके कापड जास्त. इथेही लहान डब्यात जास्तीत जास्त कागद बसवायचा असतो. कागद जास्त असेल तर कचरा धरून ठेवण्याची जागा जास्त आणि ऑइलला वाटही मोकळी. स्वस्त, नकली मालात पहिली चोरी इथेच होते. चुण्या कमी, विरळ आणि वाकड्या असतात. डबा बंद असल्यामुळे गिऱ्हाइकाला ते दिसत नाही.

आत आणखी दोन झडपा असतात.

पहिली झडप बायपासची. थंडीत ऑइल घट्ट असते, किंवा फिल्टर कचऱ्याने तुंबतो, तेव्हा कागदातून पुरेसे ऑइल जाऊ शकत नाही. अशा वेळी ठराविक दाबावर ही झडप उघडते आणि न गाळलेले ऑइल थेट इंजिनकडे जाते. मैले ऑइल बेअरिंगला मिळणे हे ऑइल अजिबात न मिळण्यापेक्षा परवडते, हा त्यामागचा विचार. ही झडप किती दाबाला उघडावी हे इंजिन बनविणारा ठरवतो. काही इंजिनांत ती फिल्टरमध्ये नसून इंजिनच्या अंगातच असते. नकली फिल्टरची स्प्रिंग कमजोर असली तर झडप सतत उघडी राहते. मग कागद कितीही चांगला असला तरी ऑइल न गाळताच फिरत राहते.

दुसरी झडप म्हणजे तोंडाशी आतल्या बाजूने बसवलेली रबराची चकती. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये यासाठी ती असते. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर ही चकती फार महत्त्वाची. ती कडक झाली किंवा नीट बसली नाही तर रात्रीत फिल्टर रिकामा होतो. सकाळी सेल्फ मारल्यावर ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझतो आणि दोन-चार सेकंद इंजिन खडखडते. ती दोन-चार सेकंदे बेअरिंग ऑइलविना फिरत असते. रोज सकाळचा हा खडखडाट वर्षभरात इंजिनचे आयुष्य खातो. सिलिकॉनची चकती साध्या रबरापेक्षा उष्णता जास्त सोसते. पण नुसता रंग पाहून ती सिलिकॉनची आहे असे समजू नये, कारण रंग कोणत्याही रबराला देता येतो.

फिल्टर न करणाऱ्या गोष्टी

काही गैरसमज दूर झाले पाहिजेत. डिझेल गाडीत ऑइल बदलल्यावर थोड्याच वेळात ते काळे दिसते आणि लोक म्हणतात फिल्टर बोगस निघाला. तसे नाही. डिझेलच्या काजळीचे कण मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. फिल्टर ते अडवू शकत नाही. त्यांना ऑइलमध्ये तरंगत ठेवण्याचे काम ऑइलमधली रसायने करतात. त्याचप्रमाणे ऑइलमध्ये मिसळलेले पाणी, डिझेल-पेट्रोल आणि आम्ल फिल्टर काढत नाही. म्हणून कितीही भारी फिल्टर लावला तरी ऑइल वेळेवर बदलावेच लागते.

उलट ऑइल दोनदा बदलून फिल्टर एकदाच बदलण्याचा रिवाज अनेक ठिकाणी आहे. त्यात किफायत काहीच नाही. जुन्या फिल्टरमध्ये मैले ऑइल राहिलेलेच असते, ते नव्या ऑइलमध्ये मिसळते आणि भरत आलेला कागद आणखी हजारो किलोमीटर चालवला जातो. कागदी फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन पुन्हा लावणे तर त्याहून वाईट. कागदात रुतलेला बारीक कचरा धुऊन निघत नाही, कागद मात्र फाटतो.

मोटारसायकलवाल्या बांधवांनी एक लक्षात ठेवावे. सर्वच दुचाकींना बदलण्याचा कागदी फिल्टर नसतो. १०० सीसीच्या जुन्या हिरो होंडा जातीच्या इंजिनांत जाळी आणि फिरत्या वाटीचा फिल्टर असतो. वाटी जोरात फिरते, कचरा कडेला फेकला जाऊन चिकटतो. तो ठराविक काळाने उघडून साफ करायचा असतो.

निवड कशी करावी?

पहिला नियम असा की फिल्टर गाडीच्या नावावर न घेता पार्ट नंबरवर घ्यावा. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुवर्षे इंजिने बदलत गेली आहेत. पेट्रोल, डिझेल, सीएनजी असे प्रकार वेगळे. गाडीचे पुस्तक पाहून, किंवा इंजिन व चासीस नंबर देऊन अधिकृत विक्रेत्याकडून नंबर काढावा आणि तो वहीत कायमचा लिहून ठेवावा. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असेल तर त्या कंपनीच्या तक्त्यात आपल्या इंजिनसाठी कोणता नंबर दिला आहे ते पाहावे. "हाच बसतो साहेब" या शब्दावर जाऊ नये.

दुसरी गोष्ट आट्यांची. ही सर्वांत धोक्याची जागा आहे. फिल्टरमध्ये दोन मापे फार प्रचलित आहेत. एक पाऊण इंचाचे, इंचाला १६ आटे. दुसरे २० मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. फरक एक मिलिमीटरहून कमी, डोळ्यांना दिसत नाही. पाऊण इंचाचा फिल्टर २० मिलिमीटरच्या नळीवर चढतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. पण २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंचाच्या नळीवर ढिला का होईना चढतो, हाताला घट्ट झाल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आटे पूर्ण पकडलेले नसतात. रस्त्यात ऑइलचा दाब वाढला, हादरे बसले की तो निसटतो.

तिसरी गोष्ट रबर रिंगची. नव्या फिल्टरच्या रिंगचा व्यास आणि रुंदी जुन्या फिल्टरशी ताडून पाहावी. रिंग थोडी लहान असली तरी ती इंजिनच्या बैठकीबाहेर किंवा खाचेत पडू शकते.

चौथी गोष्ट खोक्यावर छापलेल्या मायक्रॉनची. नुसते "१० मायक्रॉन" छापले म्हणजे काही सिद्ध होत नाही. त्या मापाचे शंभरातले किती कण अडतात हे महत्त्वाचे. शंभरातले ५० अडले तरी काही उत्पादक १० मायक्रॉन म्हणतात आणि ९८-९९ अडले तरी १० मायक्रॉनच म्हणतात. यासाठी आयएसओ ४५४८ या मानकाच्या बाराव्या भागात चाचणी ठरलेली आहे. ज्या उत्पादकाने टक्केवारीसह माहिती दिली असेल त्याचा माल अधिक भरवशाचा समजावा. ताग्यावर नुसते 'शुद्ध सुती' लिहिले म्हणून आपण घेत नाही, सुताचा काउंट आणि वीण विचारतो. तसेच हे आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्याच सर्व्हिसला द्यावी, किंवा निदान कंपनीचाच फिल्टर लावून पक्के बिल जपून ठेवावे.

नकली माल

मोटारीच्या सुट्या भागांत नकली माल मोठ्या प्रमाणावर फिरतो आणि फिल्टर त्यात आघाडीवर आहे, कारण पत्र्याचा डबा रंगवून त्यावर नाव छापणे सोपे. पॅकबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि ग्राहक तक्रारीचा पत्ता छापणे २०११ च्या वजनमाप नियमांनुसार बंधनकारक आहे. यातले काही नसेल तर माल परत करावा. छपाई फिकट, अक्षरे तिरकी, आट्यांत पत्र्याचा कीस, रबर रिंग खाचेत सैल, डबा हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज, ही वाईट लक्षणे आहेत. होलोग्राम असला तरी तो एकमेव पुरावा मानू नये.

स्वतः सुटे भाग विकणाऱ्या दुकानदार बंधूंनीही जाणून असावे की दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचा खोटा माल विकणे हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुरवठादाराकडून पक्के बिल घेणे हेच त्यांचे संरक्षण. आणि ग्राहकाने रिकामे खोके फाडून टाकावे. अखंड खोकी भंगारात विकली जातात आणि त्यांतच नकली माल भरून परत बाजारात येतो.

बसविण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी नवा फिल्टर, चेंबरच्या बोल्टचे नवे वॉशर, पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचे ऑइल, परात, स्वच्छ फडकी, पाने, फिल्टरचा पट्टा-पाना आणि रबरी हातमोजे जवळ ठेवावेत. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी ज्यांच्या धुराड्यात काजळीची गाळणी आहे त्यांना कमी राखेचे ऑइलच लागते, हेही पाहून घ्यावे.

१. इंजिन थोडे चालवून कोमट करावे म्हणजे ऑइल पातळ होऊन कचऱ्यासह निघते. नंतर बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. उकळते ऑइल हातावर पडले तर गंभीर भाजते.

२. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना ठोकळे द्यावेत. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर उभी असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. मजबूत घोड्या लावाव्यात. विटांचा थर चालत नाही, विटा फुटतात.

३. वरची ऑइल भरण्याची टोपी सैल करावी, खाली परात ठेवून चेंबरचा बोल्ट काढावा आणि ऑइल थेंब-थेंब होईपर्यंत निथळू द्यावे.

४. फिल्टर उलट दिशेने फिरवून काढावा. हाताने नाही निघाला तर पट्टा-पाना लावावा. स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवणे हा शेवटचा उपाय, त्यात पत्रा फाटून तोंड तसेच चिकटून राहू शकते.

५. आता सर्वांत महत्त्वाचे. काढलेल्या फिल्टरवर त्याची रबर रिंग आहे का ते पाहावे. नसेल तर ती इंजिनला चिकटून राहिली आहे. ती काढून बैठक फडक्याने पुसावी आणि बोट फिरवून खात्री करावी.

ही पायरी चुकली तर काय होते? माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीत जुन्या रिंगवरच नवा फिल्टर चढवला गेला. दारात गाडी चालू केली तेव्हा काहीच गळाले नाही. माल भरून गाडी घाटात चढू लागली, दाब वाढला, दोन रिंगांपैकी एक निसटली आणि काही मिनिटांत सगळे ऑइल रस्त्यावर पडले. लाल दिवा लागला तरी चालकाने पुढच्या गॅरेजपर्यंत गाडी नेली. इंजिन जाम झाले. क्रँक आणि बेअरिंग दोन्ही गेले. कारण फक्त एक विसरलेली रबराची कडी.

६. जुना व नवा फिल्टर शेजारी ठेवून रिंग आणि आटे ताडून पाहावेत. नवा फिल्टर कोरडाच एकदा नळीवर हाताने फिरवून पाहावा. तो गुळगुळीत, न डगमगता चढला पाहिजे. डगमगत असेल तर माप चुकले आहे, परत करावा.

७. नव्या रबर रिंगवर बोटाने स्वच्छ ऑइलचा हात फिरवावा. कोरडी रिंग घासून मुरडते आणि गळते. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर त्यात आधीच थोडे नवे ऑइल भरावे. आडवा बसत असेल तर भरण्याची गरज नाही.

८. फिल्टर हातानेच चढवावा. रिंग बैठकीला टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा आवळावे. काही फिल्टरना एक फेरा लागतो. डब्यावर छापलेले असते, तेच प्रमाण मानावे. पान्याने ताकद लावून आवळू नये. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, उलट रिंग चेपते आणि पुढच्या वेळी फिल्टर निघत नाही. कागदी एलिमेंटच्या गाडीत झाकणाची रबर रिंग बदलून ती नेमक्या त्याच खाचेत बसवावी आणि झाकणावर लिहिलेल्या मापापुरतेच आवळावे.

९. चेंबरच्या बोल्टला नवे वॉशर घालून बसवावा. मग ऑइल भरावे. डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ पातळी यावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरल्यास क्रँक ऑइलला घुसळून फेस आणतो आणि फेसाला वंगण करता येत नाही.

१०. गाडी चालू करावी, ॲक्सिलरेटर दाबू नये. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर ताबडतोब बंद करावी. विझल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून खाली वाकून फिल्टर व बोल्ट पाहावा. मग बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक पाहावी. फिल्टर भरल्यामुळे पातळी थोडी उतरलेली असते, तेवढे ऑइल टाकावे.

११. दुसऱ्या दिवशी, गाडी एकदा मालासह धावल्यानंतर, पुन्हा गळती आणि पातळी तपासावी.

लाल दिव्याबद्दल चालकाला स्पष्ट सूचना द्यावी. हा दिवा ऑइल कमी होत आहे असे सांगत नाही. दाब गेला, असे सांगतो. तो लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे. पुढच्या नाक्यापर्यंत नेणे म्हणजे इंजिन मोडीत घालणे.

जुना फिल्टर फेकण्याआधी

जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्यावा. शक्य असल्यास डबा कापून आतील कागद उलगडून पाहावा. करवतीने कापल्यास तिचा स्वतःचा लोखंडी कीस आत पडून फसगत होते, म्हणून पत्रा कापायच्या कटरने कापावा. चुण्या सारख्या आणि कागद अखंड असेल तर माल खरा होता. चुण्यांत तांब्यासारखे किंवा रुपेरी चमकणारे कण दिसले तर बेअरिंग झिजत आहे. लोहचुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे. असे कण जास्त दिसले तर वेळीच चांगल्या कारीगराला दाखवावे. इंजिन बसण्याआधी मिळालेली ही पूर्वसूचना आहे.

वापरलेले ऑइल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल उत्पादकांवर जुन्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे. बंद कॅनमध्ये साठवून ते सर्व्हिस सेंटरकडे किंवा परवानाधारक खरेदीदाराकडे द्यावे. ते त्वचेलाही अपायकारक आहे, म्हणून हात साबणाने स्वच्छ धुवावेत. हातमोजे याचसाठी सांगितले आहेत.

जनरेटरवाल्यांसाठी

कारखान्यातील डिझेल जनरेटरलाही हेच सर्व लागू आहे. फरक एवढाच की तिथे किलोमीटरऐवजी चाललेले तास मोजावे लागतात. मीटर पाहून पुस्तकाप्रमाणे ऑइल आणि फिल्टर बदलावा. यंत्रमागाच्या शेडमध्ये रुईचे तंतू हवेत असतात आणि ते एअर फिल्टरवर थर धरतात. एअर फिल्टर तुंबला तर काजळी वाढते, फाटला किंवा सैल बसला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. मग ऑइल फिल्टर वेळेआधी भरतो. म्हणून दोन्ही फिल्टर एकत्र तपासण्याची सवय ठेवावी.

शेवटी हिशेबाची गोष्ट. दुकानाच्या वहीत गाडीचे एक पान ठेवावे. तारीख, किलोमीटर, फिल्टरचा नंबर, कोणत्या दुकानातून घेतला, बिल क्रमांक आणि पुढचा बदल कधी, एवढेच लिहावे. पुढच्या वेळी दुकानदारापुढे उभे राहिल्यावर "या गाडीचा एक फिल्टर द्या" असे म्हणण्याऐवजी नंबर सांगता येईल, आणि चुकीचा माल समोर आला तर तो तिथेच ओळखता येईल.